दाराशी ठेवलेले बूट

केटलीचं झाकण खडखडलं. गेर्लिंडेनं केटली उतरवून भाजलेल्या जवाची कॉफी ओस्टरटाग साहेबांपुढे ठेवली.

"हिला कॉफी म्हणायचं," साहेब म्हणाले, "आणि आमच्या खोक्यांना हेरखातं."

युद्ध हरून तीन हिवाळे होत आले होते. देशाला अजून सरकार नव्हतं, पण म्युनिकबाहेरच्या उंच भिंतीआड साहेबांसारख्या चार माणसांनी हेरखातं मांडलं होतं. साबणाची खोकी, त्यांत पुठ्ठ्याची कार्डं, पोटात पातळ सूप. रशियातून सुटलेला कैदी आला की त्याला हळूहळू बोलतं करायचं, त्यानं पाहिलेला प्रत्येक पूल, प्रत्येक कारखाना कार्डावर उतरवायचा. कार्डं टाइप करणाऱ्या गेर्लिंडेला त्यांच्या चिकाटीचं मनापासून कौतुक वाटे.

आज साहेब तिच्या घरी तिची पारख करायला आले होते. कुलूपबंद खोलीचं काम होतं. सीमेपलीकडे पेरलेल्या आपल्या हेरांची नावं तिथं असत. पारखीला उतरली तर भिंतीआड घर, कोळसा, हाइडरूनला रोज दूध. नाहीतर हेच गळकं छप्पर.

सहा वर्षांची हाइडरून कोपऱ्यात मुकाट बसली होती. पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, हे आईनं तिला नीट शिकवलं होतं.

काळी फीत लावलेल्या तिच्या नवऱ्याच्या फोटोबद्दल साहेबांनी विचारलं. स्टालिनग्राडला गेले, ती म्हणाली. मग त्यांची नजर दाराशी थांबली. तिथं पुरुषी बूट होते, चरबी चोळून मऊ राखलेले.

"बाई, यांच्या बदल्यात दोन पौंड लोणी आलं असतं. गल्लीतल्या सगळ्या विधवांनी नवऱ्यांचे बूट विकून खाल्ले."

"पोरगी रोज पुसते ते. तिच्या हातून कसे काढून घेऊ?"

नुसत्या चालीवरून कैद्याची पलटण ओळखणारा तो माणूस बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"गेलेल्याशी एवढं इमान राखणारी बाई आम्हाला दगा द्यायची नाही," ते म्हणाले आणि खिशातली त्या खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. "सोमवारी या. आणि हिला आता पोटभर दूध पाजा."

जिन्यावरची पावलं विरली. हाइडरून फडकं घेऊन बुटांपाशी जाऊन बसली. एक बूट चकचकीत झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"आई, किल्ली मिळाली ना? मग ते रशियन काका बाबांना कधी सोडणार?"