हवेचं घड्याळ

डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे तुमच्या वहीतले आकडे, हे वेधशाळेचे. गेल्या आठवड्यात मंगळवारी वादळ झालं, झाडं पडली, हवेचा दाब धाडकन उतरला. तुमच्या वहीत मात्र घरच्या यंत्राचा काटा म्हणतोय, कोरडी हवा."

"म्हणजे यंत्र बिघडलंय," सून म्हणाली.

"बिघडू दे की. पण त्या दिवशी सासूबाईंचं दुखणं दहापैकी एक. गुरुवारी लख्ख ऊन, तर तुमचा काटा वादळावर आणि दुखणं नऊ! तीन महिने हेच. यांचं दुखणं हवेप्रमाणे चालत नाहीये, त्या बिघडलेल्या काट्याप्रमाणे चालतंय."

सासूबाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दवाखान्यात नेहमी असेच वागायचे, पाहुण्यांसमोरच्या शहाण्या मुलांसारखे. सकाळी गुडघे सुजून पाय टेकवत नसे आणि दुपारच्या वेळेला इथे येईपर्यंत सगळं सपाट.

"सकाळी उठून त्या आधी काटा बघतात आणि मग दुखायला लागतं, असं तर नाही ना?" डॉक्टरबाईंनी आवाज मऊ केला. "तसं असेल तर नवी इंजेक्शनं देऊन काही उपयोग नाही. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. सोमवारी ठरवू."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वेडी ठरवा हवं तर. खोटी नका ठरवू गं."

सुनेने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

ते यंत्र सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून आणलं होतं. पितळी, थाळीएवढं. घरात त्याला हवेचं घड्याळ म्हणत. काटा डावीकडे म्हणजे पाऊस-वादळ, उजवीकडे म्हणजे कोरडं. सासरे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. त्यांनी ते साफसूफ करून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला टांगलं.

त्याआधी सासूबाईंचे गुडघे म्हणजे घरातला विनोद होता. "आईचे गुडघे कामाचं नाव काढलं की दुखतात," असं मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. यंत्र आलं आणि विनोद थांबला. काटा डावीकडे दिसला की तोच मुलगा मुकाट्याने स्वतःची चादर स्वतः धुवायचा. हवेपुढे कोणाचं काय चालणार?

सासरे मात्र या सगळ्यात कुठेच नसत. बायकोच्या गुडघ्यांबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. ते सगळ्यांच्या आधी उठत, चहा करत आणि पेपरात डोकं घालत. डाव्या हाताच्या बोटाला कायम एक पांढरा, गाठी मारलेला दोरा गुंडाळलेला. काहीतरी आठवायला म्हणून बांधला आणि काय ते विसरले, असं घरात म्हणत.

"बाबा, तुमचं यंत्र चुकतंय म्हणे," सुनेने घरी आल्यावर सांगितलं.

"असेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी पेपर उलटला.

"आणि आईंचं दुखणं मनाचं आहे म्हणे. इंजेक्शनं बहुतेक देणार नाहीत."

पेपर जरा हलला.

सुनेने त्याच संध्याकाळी काट्यावर उशीचा अभ्रा चढवला. आता सकाळी आधी सासूबाईंचा आकडा विचारायचा, वहीत लिहायचा आणि मगच अभ्रा काढून काटा बघायचा. काटा दिसलाच नाही, तर बघून दुखणार कसं?

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आठ." अभ्रा काढला. काटा वादळाच्या अलीकडे.

दुसऱ्या दिवशी, "दोन. आज बरं आहे बाई." काटा उजवीकडे, कोरडा ठणठणीत. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सून वही घेऊन टेबलाशी बसली. काटा हवेचं ऐकत नाही. सासूबाई काटा बघत नाहीत. तरी दोघांचं एकमत! तिने आकडे उलटे वाचले, सुलटे वाचले, तारखा तपासल्या. डोकं नुसतं गरगरायला लागलं.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. "हवा आईला नाही पाडत, आईच हवा पाडते. वेधशाळेत चिकटवून टाकू तिला."

"आधी तुला चिकटवते, ओट्याला," सासूबाई आतून म्हणाल्या. "भांडी पडलीयत."

हसता हसता सुनेला वाटलं, अभ्र्याखाली डोकावत तर नसतील ना त्या? लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पण सोमवार उद्यावर आला होता आणि डॉक्टरबाईंना काहीतरी सांगावं लागणार होतं.

सोमवारी ती उजाडता उजाडता उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. समोर सासू-सासऱ्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सासूबाईंना रात्रभर तळमळून पहाटे कुठे गाढ झोप लागायची. आत्ताही त्या तोंड किंचित उघडं ठेवून झोपल्या होत्या.

सासरे पलंगाशी वाकले होते. बोटाचा दोरा सोडून तो त्यांनी बायकोच्या गुडघ्याभोवती फिरवला, केस मोजावा इतक्या हलक्या हाताने. टोक जिथे येऊन भिडलं तिथे दोरा चिमटीत पकडला आणि तसाच धरून ते बाहेर आले.

त्यांनी अभ्रा उचलला. खिडकीच्या उजेडात दोऱ्यावरच्या गाठी मोजल्या. मग सदऱ्याच्या खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून काच उघडली आणि काटा बोटाने डावीकडे सरकवला. एक गाठ, दोन गाठी, तीन.

"बाबा," सून दाराआडून पुढे आली. "हे यंत्र..."

"हळू बोल, तिला आत्ता कुठे झोप लागलीय," सासरे कुजबुजले आणि दोरा पुन्हा बोटाला गुंडाळू लागले. "आणलं तेव्हापासून बंदच आहे ते."