कोपऱ्यातली ओळ
सकाळी दहा वीसला राजुरीच्या कापड दुकानात हवालदार आले. दुकानाच्या मालकीण सुमतीबाईंच्या नावावरच्या सिमकार्डावरून कुणीतरी एका व्यापाऱ्याला धमकावलं होतं. "मला मोबाईल धरतासुद्धा येत नाय, भाऊ." "कागद तर तुमचाच हाय, काकू." हवालदारांनी सिमच्या फॉर्मला जोडलेली रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे केली. आपली झेरॉक्स कुणी भलतीकडे वापरू नये म्हणून सुमतीबाई प्रत्येक प्रतीवर ती कुणाला, कशासाठी दिली ते सासऱ्यांनी शिकवलेल्या, जुन्या व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत लिहीत. इथंही कोपऱ्यात ओळ होती: 'जावईबापूंना, गॅसच्या कनेक्शनसाठी.' "हे काय लिवलंय?" हवालदारांना ती लिपी येत नव्हती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या एकुलत्या लेकीला, रिंकूलाही नाही. "सांगून टाक ना, मम्मी," ती म्हणाली. "ज्यानं केलं, तो जाईल आत. तू कशाला अडकतेस?" सुमतीबाईंनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला. साडेअकरापर्यंत हवालदारांनी लिहायला घेतलेल्या जबाबात 'हे काय लिवलंय?' या प्रश्नापुढची जागा कोरीच होती.