बाई असल्याचा दाखला

हिमानी इंगळे चिखलीहून सकाळच्या एसटीने बुलढाण्याला आली. फौजेत सतरा वर्षं ती हवालदार गजेंद्र इंगळे होती. माजी सैनिकांच्या आरोग्य कार्डावर अजूनही तोच गजेंद्र होता, आकडेबाज मिशांसकट. स्त्री होण्याचं ऑपरेशन योजनेत बसवा, एवढाच तिचा अर्ज.

सैनिक कल्याण कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने कार्ड पाहिलं, मग तिची इस्त्रीची साडी पाहिली, मग पुन्हा कार्ड.

"हे जमत नाही. कागदावर तर तुम्ही पुरुष. बाई असल्याचा दाखला आणा, मंग पाहू."

"तो दाखला ऑपरेशन झाल्यावरच भेटते, साहेब."

"मंग ऑपरेशन करून घ्या."

"त्याच्यासाठीच तर अर्ज आणला."

"अन् अर्जाले दाखला लागते," म्हणत त्याने अर्ज परत सरकवला आणि सरकारची तिजोरी वाचवल्याच्या समाधानात चहाचा घोट घेतला.

मोठ्या साहेबांना भेटूनच जाऊ म्हणून हिमानी बाकावर, दोन म्हाताऱ्या सुभेदारांच्या शेजारी जाऊन बसली. बूड टेकतं न टेकतं तोच खिडकीतून कारकून खेकसला, "ओ बाई! उठा तिथून. तो बाक माणसाईचा हाये. बायाईनं तिकडं बसावं!"

हिमानी उठली, थेट खिडकीशी गेली आणि अर्ज पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"साहेब, आत्ता जे ओरडून सांगितलं ना, तेच याच्यावर लिहून द्या. खाली शिक्का मारा."