पर्वत पाटियाची शुद्ध हवा

“यंत्र खोटं बोलत नाही, अपर्णा. तुझं गणितच माती खातंय.” पुण्याहून वसंत सर फोनवर सांगत होते, आणि अपर्णा सुरतच्या पर्वत पाटिया भागातल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा जिना चढत होती. धाप लागलेली. त्यामुळे उलट उत्तर देता आलं नाही, हे बरंच झालं.

सुरतच्या हवेत किती धूळ, किती धूर, याचा अंदाज अपर्णाचं गणित दर तासाला काढायचं. सरांच्या पुण्याच्या मंडळींनी शहरात बारा ठिकाणी यंत्रं बसवली होती, ती तीच हवा प्रत्यक्ष मोजायची. मग अंदाज आणि मोजमाप यांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचं. थोडं याने नमायचं, थोडं त्याने. संसारच म्हणा ना! अकरा ठिकाणी सुखाने चाललं होतं, अगदी हजीऱ्याच्या कारखान्यांपाशीसुद्धा. इथे मात्र काडीमोडाची वेळ आली होती. गणित म्हणायचं एकशे दहा, यंत्र म्हणायचं बारा. दिवसभर टेम्पो आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर धूर सोडतात त्या नाक्यावर, बारा!

पहिले दोन दिवस आकडे जुळले होते. पण नव्या यंत्राचे पहिले दोन दिवस धरायचे नाहीत, असा नियमच होता. आज पाच वाजता बैठक. तोवर उलगडा झाला नाही, तर अपर्णाचं गणित बाजूला आणि तिची तीन वर्षं बासनात.

गच्चीच्या दारात सरलाबाई उभ्याच होत्या. मूळच्या धरणगावच्या, आता घरबसल्या साड्यांना लेस लावणाऱ्या. यंत्र त्यांच्या गच्चीवर होतं. अपर्णा रोज फोनवर विचारायची, “मशीन ठीक आहे ना, मावशी?” आणि त्या रोज सांगायच्या, “एकदम ठीक. पोरासारखं सांभाळते.”

“या ताई, या. पहा कसं ठेवलंय.”

अपर्णाने पाहिलं आणि ती तिथेच थांबली.

कठड्यावरच्या यंत्राला अंगरखा होता. गुलाबी, जाड, आतून दुहेरी अस्तराचा. खाली झालर, झालरीला सोनेरी लेस, आणि नाडी ओढून पक्की गाठ. घरातल्या मिक्सरला असतो तसा; फक्त याच्यावर मेहनत जास्त.

“तिसऱ्याच दिवशी शिवलं,” सरलाबाई कौतुकाने म्हणाल्या. “नव्या साडीचं कापड शे.”

अपर्णाने नाडी सोडली आणि अंगरखा वर ओढून काढला. यंत्राने मोकळा श्वास घेतला.

“अगं, तिकडे काय झालं?” फोनमधून सर ओरडले. “आकडा पळत सुटलाय! चाळीस... ब्याऐंशी... एकशे चार... एकशे नऊ. थांबला बघ, एकशे नऊवर. तुझा काय होता?”

“एकशे दहा,” अपर्णा म्हणाली. आणि इतकी हसली, की कठड्यावरची दोन कबुतरं उडून गेली. तिने एका हातात अंगरखा धरून सगळी हकिगत सांगितली. पलीकडून सरांचं गडगडाटी हसू आलं, कुणी बैठकीत कधी ऐकलं नव्हतं असं. “घे, तुझं गणित टिकलं! पाच वाजता मीच सांगतो सगळ्यांना,” ते म्हणाले.

सरलाबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. “रंग नाही आवडला का, ताई? मोरपंखी पण शे.”

“छे हो मावशी, रंग छान आहे! पण हवा मोजायचं यंत्र ते, झाकलंत कशाला?”

सरलाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई, आणि हिला हे सांगावं लागतं!

“हवा खराब शे म्हणून तर झाकलं. चांगली राहती, तर कशाले झाकलं असतं?”