दुसरी लाइन

व्हिसाला तीन आठवडे लागणार होते आणि हृषीकेशला तिकडे तेवढे दिवस ठेवणार नव्हते. तेव्हा कॅनडातले लेकाचे अंत्यसंस्कार कुडाळच्या घरी टीव्हीवर बघायचे ठरले.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या दत्तारामांनी दोन दिवसांत दुसऱ्या कंपनीचंही इंटरनेट घेतलं आणि दोन्ही राउटर एकमेकांना जोडले. “एक लाइन गेली की दुसरी आपोआप चालू होईल,” त्यांनी कुमुदिनीला सांगितलं. लेकासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

संध्याकाळी पडद्यावर हृषीकेश दिसला. कपाळाला गंध, चेहरा झोपल्यासारखा. दोघेजण पेटीचं झाकण घेऊन आले आणि तेवढ्यात चित्र थांबलं.

“येईल हं, येईल आत्ता,” म्हणत दत्ताराम राउटरकडे वळले.

कुमुदिनीने त्यांचा हात धरला. “अहो, नको. राहू दे ना असाच.”

उठून ती टीव्हीपाशी गेली आणि त्याच्या गालावर तिने बोटं टेकली. दत्तारामांनी दुसऱ्या राउटरची वायर उपटायला हात घातला, पण तोवर ती लाइन चालू झाली होती.

चित्र पुन्हा हललं, तेव्हा तिच्या बोटांखाली झाकण होतं.