टाके तेवढे माझे

"मावशी, जुन्या साड्या तर माझ्याच होत्या. मग तीन हजार कशाचे?" प्राध्यापिकाबाईंनी गोधडी उलटसुलट करत विचारलं. स्त्रियांच्या दुर्लक्षित श्रमांवर त्यांचा जाडजूड प्रबंध होता. मावशी म्हणणारं गिऱ्हाईक नेहमी निम्म्या भावात मागतं, हे तान्हाबाई तीस वर्षांच्या धंद्यातून शिकल्या होत्या.

"परिसंवादाच्या पाहुण्यांना भेट द्यायचीय. व्यासपीठावरून तुमचं नाव घेईन. अशा कलेचं मोल का पैशात होतं?"

कौतुकाची तान्हाबाईंकडे टंचाई नव्हती. "नाही होत, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या आणि कात्री उचलून त्यांनी गोधडीचा कोपरा उसवायला घेतला.

"अहो मावशी, हे काय?"

"साड्या तुमच्या, घेऊन जा. टाके माझे, तेवढे काढून ठेवते."

दोन महिन्यांच्या कामातली चार बोटं शिवण उसवली, तेव्हा पर्स उघडली. तीन हजार पुरते हातात आल्यावर तान्हाबाईंनी सुई ओवली आणि उसवलेला कोपरा पहिल्यासारखा शिवून दिला.

"याचे वेगळे किती?" बाईंनी हळूच विचारलं.

"याचे काही नाही," तान्हाबाई म्हणाल्या. "ही माझ्याकडून तुम्हाला भेट."