तळ्याचा थांबा

जंगलाच्या फेरीवर नव्याने आलेल्या ड्रायव्हरला जुन्याने बजावलं होतं, "तळ्याच्या थांब्यावर कुणी नसलं तरी दार उघडायचं. बस पायरीकडे जराशी कलते. सरळ झाली की निघायचं. कुणाला काही विचारायचं नाही."

वर्षभर त्याने तेच केलं.

त्या दुपारी रानवाटा तुडवून दमलेली त्याची लेक बसमध्ये एकटीच मागे बसली होती. तळं आलं. त्याने दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. बस कलली, सरळ झाली. पुन्हा कलली. मग पुन्हा. तो दार लावणार, इतक्यात लेक म्हणाली,

"बाबा, थांबा ना. अजून चढतायत."

त्याने आरशात पाहिलं. लेकीने पिशवी मांडीवर घेतली आणि ती अंग चोरून खिडकीकडे सरकली.